शंभर फुटांच्या प्लॉटवरचं चर्च: ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीला गेलेल्या किती लोकांना माहीत असतं कोण जाणे, पण मागच्या बाजूला मार्गारेट स्ट्रीट नावाचा एक अरुंद रस्ता आहे आणि तिथे साधारण शंभर फूट बाय शंभर फूट प्लॉटवर एक अख्खं चर्च, त्याचं अंगण, पाद्र्यांचं घर आणि कॉयरमधल्या (चर्चच्या गायनवृंदातल्या) मुलांची शाळा एवढं सगळं बसवलंय. वर 227 फुटांचा कळस, म्हणजे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या पुढच्या दोन टॉवरांपेक्षा किंचित उंचच. ऑल सेंट्स हे त्याचं नाव, आर्किटेक्ट विल्यम बटरफील्ड, काम सुरू 1850, उद्घाटनाचा विधी 28 मे 1859.

आत गेलं की पहिल्यांदा डोळे गरगरतात. भिंतीचा एक वीतभर भाग रिकामा नाही. विटा, टाइल्स, संगमरवर, ग्रॅनाइट, सोनेरी मुलामा, काळ्या-पांढऱ्या भूमितीच्या नक्ष्या, सगळं एकदम अंगावर येतं. बहुतेक लोक इथेच मत बनवून टाकतात की व्हिक्टोरियन लोकांना थांबायचं कुठे ते कळत नव्हतं, बास. मला हे पटत नाही. त्या प्लॉटचा नकाशा समोर ठेवून एकेक भिंत बघितली तर यातली बरीच सजावट म्हणजे जागेच्या अडचणीवर शोधलेलं उत्तर आहे हे दिसतं, आणि काही उत्तरं टिकली, काही पन्नास वर्षांत वाया गेली. ती कुठली आणि का, हीच या प्रकरणातली खरी गंमत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी ते समजणार नाही. अठराव्या शतकातलं इंग्लंडमधलं चर्च म्हणजे बऱ्यापैकी प्रवचनाचा हॉल झाला होता. मधोमध किंवा समोर दोन-तीन टप्प्यांचं उंच प्रवचनपीठ, वेदी मागे कुठेतरी झाकलेली, बसायला दारं असलेली लाकडी खोपटी, ती श्रीमंत घराण्यांनी भाड्याने घेतलेली, आणि गरिबांना मिळेल ती जागा. 1833 नंतर ऑक्सफर्डमधून एक चळवळ उठली, तिचं म्हणणं असं की इंग्लंडचं चर्च हे जुन्या काळापासून चालत आलेलं चर्च आहे, तेव्हा पूजाविधीला पुन्हा मान मिळाला पाहिजे. मग 1839 मध्ये केंब्रिजच्या पोरांनी, जॉन मेसन नील आणि बेंजामिन वेब हे त्यातले मुख्य, केम्ब्रिज कॅम्डेन सोसायटी काढली (पुढे नाव बदलून इक्लेसियोलॉजिकल सोसायटी) आणि चर्च कसं असावं यावर अक्षरशः नियमावली छापायला सुरुवात केली. वेदी उंचावर हवी आणि सगळ्यांना दिसली पाहिजे, तिच्यासाठी वेगळा चॅन्सेल (वेदीभोवतीचा पुढचा भाग) हवा, भाड्याची खोपटी मोडून टाका, बाप्तिस्म्याचं कुंड दाराजवळ हवं, शैली गॉथिकच (टोकदार कमानींची) हवी, तीही मध्ययुगातल्या ठराविक काळातली. कुणी आर्किटेक्ट चुकला की यांच्या मासिकात त्याची पार सालं काढली जायची.

नुसती टीका करून भागणार नव्हतं, म्हणून 1841 पासून विचार सुरू झाला की लंडनमध्ये एक नमुना चर्च बांधून दाखवायचं. जागा मिळाली ती मार्गारेट चॅपलची. हे एक साधं, रूप नसलेलं प्रार्थनाघर होतं पण तिथे फ्रेडरिक ओकली या पाद्र्याने 1839 पासून नवीन पद्धतीचे विधी सुरू केले होते आणि त्याची चर्चा होती. ओकली 1845 मध्ये रोमन कॅथलिक झाला (अशा बातम्यांनी त्या काळात इंग्लंडमध्ये खळबळ माजायची), मग विल्यम अप्टन रिचर्ड्स आला आणि तोच पुढे नव्या चर्चचा पहिला व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री. पाठपुरावा करणारा माणूस होता अलेक्झांडर बेरेसफर्ड होप, श्रीमंत, खासदार, आणि स्वतःची मतं असलेला. मोठा पैसा मात्र हेन्री ट्रिटन या बँकरकडून आला, 30,000 पौंड. जागा, बांधकाम, पुढचा निधी सगळं धरून एकूण आकडा 70,000 पौंडांच्या घरात जातो. नोव्हेंबर 1850 मध्ये पायाचा दगड एडवर्ड पुसी या चळवळीतल्या बड्या धर्मशास्त्रज्ञाच्या हातून बसला, आणि पुढची नऊ वर्षं मंडळी जवळच्याच टिचफील्ड स्ट्रीटवर तात्पुरत्या जागेत प्रार्थना करत राहिली.

आता प्लॉट. प्रश्न असा की गावातल्या चर्चचं मॉडेल इथे चालतच नाही. गावात चर्च मोकळ्या आवारात उभं असतं, चारही बाजूंनी खिडक्या, भोवती झाडं आणि कबरी. इथे तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या आणि फक्त दक्षिणेला रस्ता. सामान्य आर्किटेक्टने चर्चचं तोंड रस्त्यावर आणून शोभेचा दर्शनी भाग केला असता. बटरफील्डने चर्च प्लॉटच्या पार मागे, उत्तरेच्या कडेला ढकललं, पुढे रस्त्यालगत एका बाजूला पाद्र्यांचं घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा उभी केली, आणि मध्ये छोटंसं अंगण सोडलं ज्यात कमानीतून शिरायचं. परिणाम असा होतो की रस्त्यावरून चर्च पूर्ण कधीच दिसत नाही, अंगणात शिरल्यावर मान वर करावी लागते आणि मग टॉवर, वर स्लेटचा निमुळता कळस, पोर्चशेजारचा उंच कोरीव टेकू, सगळं उभ्या रेषेतच जातं. जागा आडवी मिळत नाही म्हणून वर जायचं, मुंबईच्या बिल्डरला हे वेगळं सांगायला नको. कळसाचा आकार बघून उत्तर जर्मनीतल्या विटांच्या चर्चची आठवण येते, इंग्लंडमधल्या गावचर्चची नाही, आणि हे तेव्हा बऱ्याच लोकांना खटकलं होतं.

विटांबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. 1840 च्या दशकातली नवी गॉथिक चर्चेस बहुतेक करड्या केंटिश रॅगस्टोनची, म्हणजे ओबडधोबड दगडाची, गावाकडचा भास यावा म्हणून. वीट म्हणजे गोदाम, गिरणी, चाळीसारखी घरं, तिला काय प्रतिष्ठा? बटरफील्डने ठरवून लाल वीट घेतली आणि त्यात काळ्या विटांचे आडवे पट्टे आणि नागमोडी नक्ष्या भिंत बांधता बांधताच गुंफल्या. यातला मुख्य मुद्दा हा की रंग वरून लावलेला नाही. तो भिंतीच्याच अंगात आहे, घासला तरी जाणार नाही, सोलला तरी जाणार नाही. आणि स्वस्त पडतं म्हणून वीट घेतली असं कुणाला वाटत असेल तर तसं नव्हतं, त्याने निवडलेल्या दर्जाची वीट दगडापेक्षा महाग पडली. कंत्राटदार जॉन केल्क, तोही लहानसहान माणूस नव्हे.

हे सगळं कोळशाच्या धुरातल्या लंडनसाठी होतं हे विसरून चालणार नाही. शहरभर लाखो शेकोट्या जळायच्या आणि काजळी सगळ्यावर बसायची. साधा दगड काळा पडला की त्यावरची कोरीव कामं दिसेनाशी होतात, पण दोन रंगांच्या विटांचा पट्टा काळपटला तरी ओळखू येतो. बटरफील्डने नेमका हाच विचार केला असेल असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण काम तसंच करतं.

आत शिरूया. नेव्ह, म्हणजे लोक बसतात तो मधला मोठा भाग, फक्त तीन खणांचा आहे (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण). तीनच! बाकीच्या मोठ्या चर्चमध्ये पाच-सहा असतात. पण उंची एवढी दिली आहे की लांबी कमी आहे हे जाणवत नाही, आणि पुढे दोन खणांचा चॅन्सेल, त्याला दगडी कमानीचं छत, नेव्हला लाकडी. दोघांमध्ये छतापर्यंतचा लाकडी जाळीचा पडदा नाही, फक्त कमरेएवढी संगमरवरी भिंत. हे महत्त्वाचं आहे कारण सोसायटीतले काही लोक पूर्ण उंचीच्या लाकडी पडद्याचे कट्टर समर्थक होते, पण आधीच आखूड असलेल्या जागेत तसा पडदा लावला असता तर मागच्यांना वेदी दिसलीच नसती. वेदी दिसावी हा नियम आणि पडदा असावा हा आग्रह, दोन्ही एकाच वेळी जमणार नव्हतं, त्यात वेदी जिंकली. प्रवचनपीठ बाजूला गेलं. बाप्तिस्म्याची जागा नैऋत्य कोपऱ्यात टॉवरच्या खाली, म्हणजे दारातून आल्या आल्या, कारण ख्रिस्ती आयुष्याची सुरुवात तिथून होते. तिच्या छतावर टाइल्समध्ये पेलिकन पक्षी आहे, जो स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो असं मध्ययुगात मानायचे, ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण म्हणून. मान वर करून बघायला विसरतात लोक.

फर्निचरमध्ये माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ते प्रवचनपीठ. रंगीत संगमरवराचे तुकडे जडवून केलेलं, ठोकळ्यासारखं जड, आखूड खांबांवर उभं. नाजूकपणा अजिबात नाही. नेव्हच्या कमानींचे खांब गुळगुळीत पॉलिश केलेल्या लाल स्कॉटिश ग्रॅनाइटचे, त्यांच्यावर पांढऱ्या अलाबास्टरमध्ये (एक मऊ दगड) कोरलेली पानं, आणि कमानींच्या वरच्या भिंतीवर दगडात खोबणी करून काळा मसाला भरलेली गोल-चौकोनांची नक्षी. परत तोच नियम: शक्य तिथे रंग हा मटेरियलचाच. हात फिरवला तर प्रत्येक गोष्ट थंड आणि कडक लागते.

पण पूर्वेची भिंत वेगळी गोष्ट सांगते. कुठल्याही साध्या इंग्लिश चर्चमध्ये वेदीमागे मोठी खिडकी असते, सकाळचा उजेड तिथून येतो. इथे मागे शेजारची इमारत. खिडकी शक्यच नव्हती. मग ती अख्खी भिंत चित्रांसाठी मोकळी झाली आणि काम दिलं विल्यम डाइसला, जो ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीतही फ्रेस्को (ओल्या चुन्यावर रंगवायची भित्तिचित्रं) करत होता आणि ते तंत्र इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त जाणणाऱ्यांपैकी एक होता. सोनेरी पार्श्वभूमीवर संतांच्या रांगा, मध्ये ख्रिस्त, खाली मेरी आणि बाळ. सुंदर असणार. पण फ्रेस्को हे इटलीच्या कोरड्या हवेचं काम आहे, इथे भिंतीत ओल आणि हवेत गॅसच्या दिव्यांचा धूर, त्यामुळे चित्रं लवकरच खराब व्हायला लागली, डागडुजी करूनही टिकली नाहीत. शेवटी 1909 मध्ये निनियन कॉम्पर या आर्किटेक्टने तीच मांडणी धरून लाकडी फळ्यांवर नव्याने चित्रं रंगवली आणि त्या फळ्या जुन्या कामाच्या पुढे बसवल्या. म्हणजे आज वेदीमागे बघतो ते कॉम्परचं काम, डाइसच्या आराखड्यावर. संपूर्ण इमारतीत जिथे रंग वरून लावला होता नेमकी तीच गोष्ट पहिली गेली, यापेक्षा चांगला पुरावा मला तरी नको.

आणि बटरफील्डला ते कळलं होतं असं मी म्हणतो, कारण उत्तरेची भिंत बघा. तीही आंधळी, पलीकडे घरं. पहिला व्हिकर अप्टन रिचर्ड्स 1873 मध्ये वारला आणि त्याच वर्षी त्याच्या आठवणीत ती भिंत सजवली गेली, यावेळी फ्रेस्को नाही, टाइल्स. डिझाइन बटरफील्डचं, चित्रं रंगवली अलेक्झांडर गिब्जने, भट्टीत भाजली हेन्री पूल अँड सन्सने. मध्यभागी येशूजन्माचा देखावा, एका बाजूला जुन्या करारातली माणसं, दुसऱ्या बाजूला सुरुवातीच्या काळातले धर्मगुरू. आकृत्या जरा ताठ आहेत, हे मान्य, जवळून बघितलं तर चेहरे एकसारखे वाटतात, आणि एका आकृतीतून जाणाऱ्या टाइल्सच्या सांध्यांकडे एकदा लक्ष गेलं की मग ते डोळ्यांसमोरून हटत नाहीत. पण दूषण देण्याआधी हे बघा की ही भिंत भाजलेल्या चकाकत्या मातीची आहे, फडक्याने पुसता येते. पुढच्या दोनेक दशकांत पश्चिमेकडेही असंच टाइल्सचं काम झालं. डाइसच्या भिंतीचा धडा डोळ्यासमोर असताना दुसऱ्या वेळी कोण फ्रेस्को करेल?

काचांबद्दल एक गोष्ट. खिडक्या मोजक्याच म्हणून ज्या आहेत त्यांच्यावर भार जास्त. पश्चिमेची मोठी खिडकी आधी आल्फ्रेड जेरांत या फ्रेंच कारागिराने केली होती, ती फारशी कुणाला आवडली नाही, आणि 1877 मध्ये ती काढून गिब्जकडून नवीन करून घेतली, वेल्स कॅथेड्रलमधल्या जेसीच्या वृक्षावर बेतलेली. म्हणजे येशूची वंशावळ झाडासारखी वर चढत जाते. उजेड बऱ्यापैकी वरूनच येतो, त्यामुळे दिवसासुद्धा खालचा भाग अंधुक असतो आणि सोनं, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, टाइल्सची चकाकी हे सगळं त्या थोड्या उजेडाला इकडून तिकडे फेकत राहतं. मॅट चुन्याच्या भिंती असत्या तर गुहाच झाली असती.

आता भांडणाकडे. होप आणि बटरफील्ड यांचं शेवटी शेवटी चांगलंच बिनसलं. होपला वाटत होतं की ग्रॅनाइटचे गंभीर खांब एवढेच होते तेव्हा चर्च भव्य दिसत होतं, आणि बटरफील्डने वर ठिपक्या-रेषांची नक्षी चढवून स्वतःच्याच निर्मितीला विदूषकाचे कपडे घातले, त्यामुळे जागा लहान वाटायला लागली. कलासमीक्षक जॉन रस्किनने मात्र 1853 मध्येच छापून टाकलं होतं की आधुनिक काळात भीती आणि असमर्थता यांपासून मुक्त अशी ही पहिलीच इमारत आपण पाहिली. पण लक्षात घ्या की 1853 मध्ये आतली बरीच सजावट व्हायचीच होती, तेव्हा हे कौतुक आणि होपचा राग एकाच इमारतीबद्दल आहेत असं धरताना जरा जपून. माझं मत विचाराल तर होप अर्धा बरोबर आहे. कमानींवरची नक्षी खरंच स्केल खाते, तिथे हात आखडता घेतला असता तर खांब जास्त उठून दिसले असते. पण उत्तर आणि पूर्व या दोन भिंतींबाबत त्याचं म्हणणं लागू होत नाही, त्या कोऱ्या ठेवल्या असत्या तर शेजाऱ्यांच्या घरांच्या पाठी आतून बघत बसावं लागलं असतं.

बटरफील्डनंतरची भर: कॉम्परने लेडी चॅपल (मेरीच्या नावाचा छोटा प्रार्थनेचा भाग) सजवलं, वेदीवर लटकणारं चांदीचं पात्र डिझाइन केलं, आणि 1910 मध्ये हॅरिसन अँड हॅरिसनचं चार कीबोर्डांचं ऑर्गन आलं जे अजून वाजतं. शाळा 1968 मध्ये बंद झाली. लॉरेन्स ऑलिव्हिए लहानपणी याच शाळेत गायचा, ही माहिती तिथे हमखास ऐकायला मिळते.

आपल्याकडचा धागाही इथे जोडता येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. कुलाब्याचं अफगाण चर्च, म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, त्याच वर्षांतलं आहे. पायाचा दगड 1847, विधिवत उद्घाटन जानेवारी 1858, टॉवर पूर्ण व्हायला 1865 उजाडलं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचं स्मारक, इमारत हेन्री कॉनिबेअरची, खिडक्या विल्यम वेल्सच्या, पण इंग्लंडहून आणलेल्या फरशीच्या टाइल्स आणि वेदीमागचं मोझॅक याच बटरफील्डच्या डिझाइनचं. चॅन्सेलच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि साध्या शिपायांबद्दल एवढंच लिहिलंय की ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही. असो, तो वेगळा विषय. मुद्दा असा की कुलाब्यात चर्च मोकळ्या आवारात उभं आहे, सगळीकडून खिडक्या घेता येतात, मग भिंती रंगांनी झाकायची गरजच पडत नाही. तिथे रंग पायाखाली आणि वेदीच्या मागे थांबतात, बाकी इथल्याच दगडाच्या शांत भिंती. तोच बटरफील्ड, तोच काळ, तीच सोसायटी पाठीशी. ज्यांना वाटतं की हा माणूस दिसेल तिथे रंग ओतायचा त्यांनी ही दोन चर्चेस शेजारी ठेवून बघावीत.

मार्गारेट स्ट्रीटच्या चर्चमध्ये एकविसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने साफसफाई झाली, दीडशे वर्षांचा मेणबत्तीचा आणि धुपाचा थर काढला. (हे चर्च धुपासाठी प्रसिद्ध आहे, रविवारच्या मोठ्या विधीला चॅन्सेल अर्धा धुरात असतो, त्यामुळे थर परत बसणारच.) टाइल्स आणि दगड बऱ्यापैकी मूळ रंगात परत आले, कारण खालचा रंग मुळात गेलेलाच नव्हता. जायचं असेल तर रोजचं उघडं चर्च आहे, तिकीट नाही, आणि प्रार्थना चालू असेल तर मागे गप बसायचं. आधी उत्तर भिंतीजवळ जाऊन टाइल्सचे सांधे बघा, मग पूर्वेकडे वळून कॉम्परच्या फळ्या, आणि मनात ठेवा की त्या फळ्यांच्या मागे डाइसची बिचारी भिंत आहे.